आज्ञाधारकाला रजा नाही

मुलगी बघायला उमरखेडला जायचं होतं त्या दिवशी मी दारव्ह्याजवळच्या आमच्या शाळेत स्टाफरूममध्ये बसून राहिलो, कारण हेडमास्तर "जाऊ नका" म्हणाले.

बस, एवढंच कारण. मला कोणी कोंडलं नव्हतं. नोकरीवरून काढण्याची धमकी नव्हती. शाळेचं फाटक सताड उघडं होतं, फाटकासमोर काळीपिवळी जीप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर "दारव्हा, दारव्हा, एक सीट" म्हणून ओरडत होता. ती एक सीट माझी होती. मी ती खिडकीतून भरताना पाहिली. एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली आणि जीप गेली.

दोष माझ्या अर्जाचा. त्यातही अर्जाच्या शेवटच्या ओळीचा.

नोकरी लागून चार महिने झाले होते. पद शिक्षणसेवकाचं, म्हणजे नावातच सेवक. विषय मराठी. आदल्याच आठवड्यात मी आठवीला अर्जलेखन शिकवलं होतं. वर 'प्रति', मग विषय, मग 'वरील विषयास अनुसरून', आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'आपला आज्ञाधारक'. त्या एका शब्दाला अर्धा मार्क असतो, विसरू नका, असं म्हणून फळ्यावर त्याच्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. आता स्वतःच्या रजेचा अर्ज लिहिताना मी तो अर्धा मार्क सोडणार थोडाच? चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपला आज्ञाधारक', आणि खाली सही ठोकली.

स्टाफरूममधल्या सगळ्यांनी तो अर्ज पाहिला होता. विज्ञानाच्या सरांनी तर हातात घेऊन वाचला आणि म्हणाले, "वा, मराठीचा माणूस तो मराठीचाच." आत काय होणार हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी ऑफिसात शिरलो तेव्हा मागं चार खुर्च्या दाराकडं सरकल्याचा आवाज आला, तो मला तेव्हा नीट कळला नाही.

हेडमास्तर अर्ज खालून वर वाचत. हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सही पाहिली, मग तिच्यावरचा शब्द पाहिला, खिशातलं लाल पेन काढलं आणि त्या शब्दाखाली एक सरळ रेघ ओढली. विषयापर्यंत ते पोचलेच नाहीत.

"हे तुमी लिहिलं?"

"हो सर."

"खरं हाय?"

आता याला काय उत्तर देणार? "नाही सर, खोटं आहे" असं म्हणणारा शिक्षणसेवक अजून जन्माला यायचा आहे. मी म्हणालो, "हो सर."

"एवढ्या लवकर?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग अर्ज माझ्याकडं सरकवला. "ठीक हाय. मंग आज्ञा देतो. उद्या जाऊ नका."

"बरं सर," मी म्हणालो. आणि दारापर्यंत जाऊन परत वळून म्हणालो, "थँक्यू सर."

ते थँक्यू मला अजून आठवतं. दात घासताना विशेष.

आमचे हेडमास्तर तांड्यावरचे. आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले; वडिलांनी कोरडवाहू शेती धरली, आणि घराण्यात पहिला पगार यांनी आणला. अंगानं बारीक, शर्ट नेहमी बाहेर सोडलेला, वरच्या खिशात लाल पेन आणि खालच्या डाव्या खिशात फुटाणे. फुटाणे खायचे नसत, द्यायचे असत. कोणाला, ते सांगतो.

सकाळी प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात उभी राहिली की सर अधूनमधून एखादा बिनडोक हुकूम सोडत. उन्हाळ्याच्या तोंडावर, सूर्य बरोबर समोर असताना म्हणत, "सगळ्यायनं सूर्याकडं तोंड करा, आन् डोये उघडे ठेवा." तीनशे पोरं वळत. तीनशे पोरांच्या डोळ्यांतून पाणी. मग एखादं पोरगं पुढं येऊन म्हणायचं, "सर, डोये खराब होतीन ना." की सर खिशात हात घालत आणि त्याच्या ओंजळीत फुटाणे टाकत. बाकीच्यांना म्हणत, "हा एकटा शाळेत येते. तुमी नुसते हजेरीले येता." पोरं त्यांना माघारी 'लालरेघ' म्हणत. सरांना हे माहीत होतं. एकानं चुकून तोंडावर म्हटलं, तर त्यालाही फुटाणे मिळाले.

काहीही सांगितलं की ते पुढं विचारत, "पटलं का?" आणि समोरच्यानं लगेच 'हो' म्हटलं की ठरलेला प्रश्न: "एवढ्या लवकर?" शाळेत नवीन आलेल्या माणसाची यात फार पंचाईत व्हायची. हो म्हणावं तर हे, नाही म्हणावं तर हेडमास्तर. मी पहिले दोन महिने नुसता खाकरत असे.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. सहावीच्या वर्गात उभे राहून म्हणाले, "आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. मग सांगा, दक्षिणेला कोणती नदी?" दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "साहेब, पैनगंगाच दक्षिणेला हाय."

"मी म्हणतो ते आधी ऐक."

"ऐकलं साहेब. पण नदी तिकडूनच जाते."

सर मागून पुढं आले, मुलीच्या हातावर फुटाणे ठेवले, आणि उरलेले साहेबांपुढं धरून म्हणाले, "घ्या साहेब, तुमीबी घ्या. तुमी चुकले म्हणून पोरीले बोलता आलं." साहेबांनी फुटाणे घेतले नाहीत. शेरेबुकात लिहून गेले, 'विद्यार्थी उलट उत्तरे देतात.' सरांनी त्या पानाची झेरॉक्स काढून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. पालक भेटायला आले की पहिल्यांदा तीच दाखवत.

'आज्ञाधारक' या शब्दावर मात्र त्यांचा खास राग. बाकी शब्दांशी त्यांचं भांडण नव्हतं. 'ऐकणारा' त्यांना चालायचा. ऐकून मग माणूस आपलं ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. 'होयबा'लाही ते हसून सोडून देत, कारण तो पोटासाठी मान हलवतो आणि घरी जाऊन शिव्या देतो, म्हणजे आतून शाबूत असतो. सांगकाम्याची तर ते बाजूच घेत. "त्याले सांगितलं तेवढं करते, मनानं काही लावत नाई. हा आज्ञाधारक तसा नाई, मास्तर. हा खुशीनं करते." मग टेबलावर बोट आपटून पुढं, "रेशनकार्डधारक म्हणजे कोण? ज्याच्यापाशी रेशनकार्ड हाय. खातेधारक? ज्याच्यापाशी खातं हाय. आज्ञाधारकापाशी काय हाय? दुसऱ्याची आज्ञा. त्याचं सोताचं काय हाय, दाखवा मले."

मी एकदा शहाणपणा करून म्हणालो, "सर, बैल नाही का आज्ञाधारक?"

"बैल?" सर जवळजवळ उठूनच उभे राहिले. "बैल हाकला कधी? पुढं गड्डा असला तर तुमी किती हाना, पाय टाकत नाई तो. बैलाचं नाव नका घेऊ यात."

त्यांच्या आवडीचा अर्ज एकच होता. नववीतल्या एका मुलीनं लिहिलेला. 'मी उद्यापासून तीन दिवस शाळेत येणार नाही. मोठ्या बहिणीचे लग्न आहे. आपली आज्ञाधारक.' सरांनी तो प्रार्थनेला मोठ्यानं वाचून दाखवला. "हिनं इचारलं नाई, सांगितलं. आज्ञाधारक कोण झालं? मी झालो!" आणि मुलीला तीन दिवसांच्या ऐवजी चार दिवस रजा.

शाळेतले जुने शिक्षक यामुळं शहाणे झालेले. कोणी 'आपला सहकारी' लिही, कोणी नुसतं 'आपला' लिहून पुढं जागा सोडी. आणि चुकून तो शब्द गेलाच, सरांनी "मंग जाऊ नका" म्हटलंच, तर त्यावर करायचं काय तेही सगळ्यांना पाठ होतं. दहा मिनिटांनी परत आत जायचं आणि टेबलावर हात आपटून म्हणायचं, "सर, जायलाच पाहिजे. हे कारण आहे. रजा द्या." की सर खूश. सही, वर फुटाणे, वर चहा. ही शाळेची रीतच होती. नवीन माणसाला ती कोणी सांगायची नाही, हीसुद्धा रीतच.

मी परत आत गेलो नाही. मी घरी फोन केला.

आई आणि मामा सकाळी यवतमाळहून मामाच्या गाडीनं निघणार होते आणि मला दारव्ह्याच्या बसस्टँडवरून उचलणार होते. मी म्हणालो, "आई, माझं जमत नाही. सर नाही म्हणाले."

आई म्हणाली, "लगन तुहं हाय का सरचं?"

"माझंच आहे, पण..."

"पोरीचे मायबाप वाट पाहून राह्यले, अन् तू काहून असा करतं? तुले शरम नाई वाटत?"

"वाटते ना," मी म्हणालो, आणि खरंच वाटत होती. पण शरम आणि पाय यांचं माझ्यात काही कनेक्शन नाही.

आई-मामा तसेच गेले. म्हणजे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला मुलगी होती, तिचे आईवडील होते, पोहे होते, माझा मामा होता, आणि मुलगा नव्हता. मुलीनं ट्रे ठेवला, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कुठं आहे?"

आई खाली मान घालून म्हणाली, "शाळेत हाय. त्याले सरनं येऊ नाई देल्लं."

मुलीनं विचारलं, "कितवीत आहे?"

हे मला मामानं त्या दिवशी दुपारी फोनवर सांगितलं. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. आई मागून ओरडत होती, "सांग त्याले, ते पोरगी मले पसंत हाय. अन् तिचा बाप म्हणते, आता आमी इचार करून सांगतो." 'विचार करून सांगतो' याचा अर्थ यवतमाळपासून उमरखेडपर्यंत सगळीकडं एकच होतो. आणि मजा अशी की मामानं सांगितलेला तो 'कितवीत' ऐकल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, की याच मुलीशी लग्न व्हायला पाहिजे. तोवर मी तिचा फक्त फोटो पाहिला होता, आणि फोटोत कोणी बोलत नाही.

शाळा सुटली. मी स्टाफरूममध्येच होतो; दिवसभर सर तिकडं फिरकले नव्हते. सर कुलूप लावायला म्हणून आले आणि मला पाहून दारातच थांबले.

"तुमी गेले नाई?"

"तुम्ही नको म्हणाला होता."

सर समोरच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "अरे बाप्पा. काल मी पाच वाजेपर्यंत दाराकडं पाहत बसलो. आता येईन, मंग येईन. मले वाटलं, सकायी परस्पर गेले असान. म्हटलं, चांगलं केलं, न इचारता गेला, याले तर दोन मुठी देऊ. अन् तुमी इथं बसून हाय?"

"हो."

"कायचं काम होतं, तेबी मी वाचलं नाई." त्यांनी हात पुढं केला. "द्या तो अर्ज."

मी दिला. या वेळी त्यांनी तो वरून खाली वाचला. 'विवाहाकरिता मुलगी पाहण्यास उमरखेड येथे जाणे असल्याने.' वाचून झाल्यावर त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, लाल पेनाच्या मागं, आणि म्हणाले, "आयतवारी आपण दोघं जाऊ उमरखेडले."

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. खिडकीची जागा सरांनी मला दिली. बसल्या बसल्या त्यांनी सगळं ठरवून टाकलं. "तथी गेल्यावर सांगा, हेडमास्तर खडूस हाय, त्यानं सोडलं नाई. सगळं माह्यावर टाका. मी नुसती मान हालवतो. पटलं का?"

"हो सर."

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले, पण त्यात नेहमीची मजा नव्हती.

दिग्रसच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. जेसीबी आडवा उभा होता, गाड्या खोळंबल्या होत्या, बस थांबली. सरांनी माझ्यापुढून खिडकीबाहेर हात काढून त्या जेसीबीवाल्याला हाक मारली, आणि तांड्याच्या बोलीत काहीतरी विचारलं. मी त्यांना बोलीत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा आवाजच बदलला होता, मऊ झाला होता. जेसीबीवरून चाळिशी ओलांडलेला एक दांडगा माणूस उतरला, बसच्या खिडकीशी आला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "नमस्कार, मामा. आपण कुठे निघालात?"

मी चमकलो. आमच्या भागात असं कोणी बोलत नाही. मी मराठीचा शिक्षक, पण मीसुद्धा असं बोलत नाही. अगदी पाठ्यपुस्तकातलं वाक्य.

सरांनी परत बोलीत काही सांगितलं. तो म्हणाला, "चांगले आहे. पाणी हवे का? थंड आहे." बाटली दिली, नमस्कार केला आणि परत चढला. रस्ता मोकळा झाला. बस निघाली.

पुसद आलं. मग सर माझ्याकडं न बघता सांगायला लागले. त्यांची पहिली नोकरी, दुसऱ्या एका गावातल्या शाळेत. हा जेसीबीवाला त्यांचा भाचा, तेव्हा तिथंच पाचवीत. तिथल्या तेव्हाच्या हेडमास्तरचा हुकूम होता की तांड्यावरच्या पोरांनी वर्गात आपली बोली बोलायची नाही, मराठीच बोलायचं, आणि जो बोलेल त्याच्या हातावर छडी. सरांचा तिथला पहिला अर्जही 'आपला आज्ञाधारक' म्हणूनच गेला होता. एक दिवस हे पोरगं खेळता खेळता पडलं, गुडघा फुटला, आणि ते रडत 'याडी, याडी' म्हणालं. याडी म्हणजे आई.

"मी त्याले छडी मारली," सर म्हणाले. "रक्त पुसलं नाई अगोदर. अगोदर छडी मारली. हेडमास्तर व्हरांड्यात उभा होता ना."

मी हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"ते पोरगं मंग शाळेतच आलं नाई. पण हुकूम पाळला त्यानं. तवापासून माह्याशी मराठीतच बोलते. घरी बायकोशी, लेकरायशी, सगळ्यायशी आपल्या बोलीत. मी आलो का मराठीत." त्यांनी नाक पुसलं. "आता सांगा, आज्ञाधारक चांगला का वाईट?"

उमरखेडला मुलीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान, वर घर. पाणी आलं ते स्टिकर न काढलेल्या कोऱ्या ग्लासांतून. वडिलांचा चेहरा विचार करून सांगणाऱ्याचा होता. मुलगी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काम करायची, आणि माझ्याकडं तशीच बघत होती, काचपट्टीवरच्या थेंबाकडं बघावं तशी.

"त्या दिवशी का आला नाहीत?" तिनं सरळ विचारलं.

मी तोंड उघडलं. 'हेडमास्तर खडूस' हे दोन शब्द जिभेवर तयारच होते. बाजूला सर मान हलवायच्या तयारीत बसले होते, अगदी छडीसाठी हात पुढं करून बसलेल्या पोरासारखे. आणि मला एकदम ते 'पाणी हवे का, थंड आहे' आठवलं.

"यांनी नको म्हटलं हे खरं आहे," मी म्हणालो. "पण फाटक उघडं होतं. जीप उभी होती. मीच गेलो नाही. चूक माझी."

"नाई जी, चूक माही हाय," सर घाईनं मुलीच्या वडिलांना म्हणाले. "मी त्याले..."

"सर, तुम्ही मधे बोलू नका."

हे मीच बोललो होतो. माझ्या आवाजात, वरच्या पट्टीत. खाली दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, ते थांबलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा हात डाव्या खिशात गेला. भावी सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले. सात होते. मी मोजले, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

"हे काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"बक्षीस," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता की लग्न त्यांचंच ठरलं असावं.

मुलगी तेवढीच शांत. म्हणाली, "सारखं ऐकायची सवय दिसते तुम्हाला. लग्न झालं तर माझं ऐकाल?"

'हो' ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात डोक्यात सरांचा आवाज आला, एवढ्या लवकर? मी 'हो' गिळलं. 'नाही' म्हणून पाहिलं, तेही घशात बसेना. मी विचार करायला लागलो. एवढा वेळ करत बसलो की वडिलांनी आतून आणखी पाणी मागवलं. शेवटी म्हणालो, "पटलं तर ऐकेन."

"चालेल," ती म्हणाली. "पण उत्तराला एवढा वेळ लागणार असेल तर मी रविवारीच विचारत जाईन."

लग्न झालं. सर वरातीत पुढं होते. मंगलाष्टकांच्या वेळी भटजींनी मला सांगितलं, "आता मान खाली घाला," तर सर मागून कुजबुजले, "कायले?"

आता सर निवृत्त झालेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या शेतात शेततळं खोदायचं काम निघालं म्हणून मी आणि बायको तांड्यावर गेलो. खोदायला भाचाच आला होता, आपला जेसीबी घेऊन. बायको माझ्यापुढं तिच्या चपला काढून म्हणाली, "इथं थांबा, कुत्रं पळवून नेतं," आणि आत घरच्या बायकांशी बोलायला गेली. मी चपलांपाशी उभं राहून सरांशी वाद सुरू केला. तळं चुकीच्या जागी चाललं होतं, उतार दुसऱ्या बाजूला होता. सर म्हणाले इकडं, मी म्हणालो तिकडं. सर म्हणाले, तुमाले शेतीतलं काय समजते? मी म्हणालो, पाणी वरून खाली येतं एवढं समजतं. चांगलाच आवाज चढला. सर भलतेच खूश होते.

तेवढ्यात जेसीबीचं एक चाक ओल्या मातीत घसरलं. अख्खं धूड एका अंगावर कललं, आणि आतून मोठ्यानं ओरडणं ऐकू आलं, "याडी ये!"

चाक अडलं. जेसीबी तिथंच तिरका थांबला. भाचा उतरला, हातपाय चाचपले, सगळं ठीक होतं. सर चिखलातून धावतच गेले होते. त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी डाव्या खिशात हात घातला आणि सगळा खिसा त्याच्या हातावर उपडा केला. भाच्यानं त्या फुटाण्यांकडं पाहिलं. त्याला ते कशाबद्दल होते, कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं दोन तोंडात टाकले, चावून पाहिले आणि म्हणाला, "मामा, फुटाणे नरम आहेत."

मराठीतच. पण सगळे खाल्ले.

माझ्याकडं परत येताना सर डोळे पुसत होते आणि सांगत होते की धूळ गेली. गडबड ऐकून माझी बायको बाहेर आली होती. सरांना काहीतरी आनंदाचं बोलायचं होतं आणि जे बोलायचं होतं ते बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी विषय माझ्यावर आणला. "पाह्यलं का, सूनबाई? तुमचे मास्तर. एक दिवस 'बरं सर, थँक्यू सर' म्हणणारा माणूस, आता माह्या तोंडावर भांडते. आज्ञाधारक राह्यला नाई तो. मीच शिकोलं त्याले. मीच सांगितलं, भांडत जा म्हणून."

मी चेहरा शक्य तेवढा नम्र ठेवला.

बायकोनं आधी सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या पायांशी असलेल्या तिच्या चपलांकडं.

"तुम्ही भांडा म्हणालात, म्हणून भांडतात हे, सर," ती म्हणाली. "समोर जेसीबी उलटत होता, तरी चपला सोडून हलले का बघा."